रद्द फेरीचा नियम

"आई, प्रागचं नंतर बघू गं," विशू बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला. "ह्या आठवड्यात ऑफिसात फार गडबड आहे."

मी ओवीला नाचणीची पेज भरवत होते. ओवी म्हणजे विशूची मुलगी, माझी नात, तेव्हा अकरा महिन्यांची. तिनं तोंड उघडलं होतं आणि माझ्या हातातला चमचा वाटेतच थांबला होता.

"मागच्या आठवड्यातही गडबड होती," मी म्हटलं.

"होती ना. म्हणून तर म्हणतो, बघू."

दार लागलं. ओवीनं टेबलावर हात आपटला तेव्हा मला चमच्याची आठवण झाली.

'बघू' ह्या शब्दाची मला जुनी चीड आहे. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नवरा एसटीतच ड्रायव्हर होता. तो गेला तेव्हा विशू सात वर्षांचा होता. नवऱ्याच्या जागी मला कारकुनाची नोकरी मिळाली, पुढं खात्याची परीक्षा देऊन मी कंट्रोल रूममध्ये गेले आणि अठरा वर्षं आमच्या तालुक्याच्या स्टँडवर माइकसमोर बसले. खिडकीशी माणसं यायची, विचारायची, 'बाई, पाटणला कधी?' तिथं 'बघू' म्हणून भागत नाही. गाडी असेल तर वेळ सांगायची, नसेल तर नाही म्हणायचं. अठरा वर्षांत मी हजारो गाड्या सोडल्या. स्वतः मात्र लग्नकार्य आणि मयत सोडून कुठल्या गाडीत बसले नाही. नुसतं जायचं म्हणून, खिडकीशी बसून, कधीच नाही.

त्यामुळं फेब्रुवारीत न्यूरेंबर्गहून विशूचा फोन आला आणि तो म्हणाला, "आई, उन्हाळ्यात तीन महिने ये. ओवीला बघ, आणि तुला ट्रेननं मस्त फिरवतो. कुठं जायचं ते तूच ठरव," तेव्हा मी त्याला शेवटचे दोन शब्द पुन्हा म्हणायला लावले. 'तूच ठरव' असं मला बासष्ट वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

मी ठरवलं. निवृत्त होताना घरी आलेले वेळापत्रकाचे काही कोरे तक्ते कपाटात होते, ते काढले. सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, फलाट, मधला वेळ, शेरा. दोन महिने रोज संध्याकाळी फोनवर तिकडच्या गाड्या बघायच्या आणि तक्ता भरायचा. न्यूरेंबर्गहून सकाळी निघून रेगेन्सबुर्ग, तिथं चार तास उतरून जुना दगडी पूल बघायचा. मग व्हिएन्ना, दोन मुक्काम. मग ब्रातिस्लाव्हा, एक मुक्काम. ते तर तासाभराच्या अंतरावर, म्हणजे आमच्या हिशेबात लोकल फेरीच. मग प्राग, दोन मुक्काम, आणि परत. परतीला श्वान्डॉर्फ नावाच्या लहानशा स्टेशनवर गाडी बदलायची होती.

"श्वान्डॉर्फला अकरा मिनिटं मिळतात," मी विशूला फोनवर सांगितलं. "ती गाडी मी धरलेली नाही. त्याच्या पुढची धरली आहे."

"अगं, अकरा मिनिटं भरपूर झाली. ही जर्मनी आहे."

"गाडी जर्मनीची असेल. गुडघे माझे आहेत."

तो हसला. "बरं बाई. आणि सविस्तर लिही हं. कुठल्या दिवशी कुठं, मुक्काम कुठं, सगळं. व्हिसाला जोडायचंय. खोल्या मी बुक करतो."

माझा कागद परक्या देशाच्या सरकारदरबारी लागतोय ह्याचा मला अभिमानच वाटला. मी तो पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढला. सत्तावीस एप्रिलला व्हिसा आला. मग पूर्ण मे महिना मी बॅगेत दहा किलो तांदूळ भरून आमच्या इमारतीचा जिना चढले-उतरले. तिकडं हमाल नसतात असं वाचलं होतं. तळमजल्यावरच्या बाई विचारायच्या, "शालनताई, हे काय रोज दळण घेऊन वरखाली?" मी म्हणायचे, "प्रागला चालले."

दोन जूनला मी न्यूरेंबर्गला उतरले. चार जूनला माझी सून मधुरा पुन्हा नोकरीवर रुजू झाली. पाळणाघरात ओवीला जागा मिळणार होती सप्टेंबरात. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्या रीतीनं आधी विहीणबाई येऊन राहून गेल्या होत्या. पहिली पाळी त्यांनी केली, दुसरी माझी. ह्यात कुणी काही लपवलं नव्हतं, आणि नातीला सांभाळायचा मला कंटाळाही नव्हता. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतात, आजीला नात जड झाली. ओवी गुणी पोर होती. माझ्या पोटावर झोपायची, माझा चष्मा ओढायची, मी फलाट क्रमांक पुकारायला लागले की खिदळायची.

तक्त्यावर निघायची तारीख एकवीस जून होती. ती पुढं ढकलून अठ्ठावीस केली. मग पाच जुलै, मग बारा, मग आजची एकोणीस. खोडून खोडून तारखेच्या रकान्यात कागदाला भोक पडलं होतं. आणि आता पुन्हा 'बघू'.

त्या दिवशी मधुरा दुपारीच घरी आली. ओवी झोपली होती. मी चहा टाकला आणि म्हटलं, "मधुरा, माझं एक काम कर. विशूला वेळ नाही, ठीक आहे. पण प्रागच्या त्या लॉजवाल्यांना निदान कळवायला हवं की आम्ही ऑगस्टात येतो. ते बिचारे जूनपासून खोली अडवून बसले असतील."

तिनं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. "आई, कुठली खोली?"

मी कपाटातून व्हिसाची फाइल आणली. त्यात माझा तक्ता होता, त्याचं तिकडच्या भाषेतलं भाषांतर होतं, आणि तीन खोल्यांच्या पावत्या होत्या. मधुरानं प्रागच्या पावतीवरचा नंबर फोनमध्ये घातला. मग व्हिएन्नाचा घातला. मग ब्रातिस्लाव्हाचा. चहा उकळून वर आला, तो मी उतरवला.

"आई, हे तिन्ही रद्द झालेत."

"बरोबर आहे. आपण गेलो नाही ना वेळेवर. त्यांनी किती दिवस थांबायचं?"

"तसं नाही. त्यांनी नाही केलं." ती अडखळली. "इकडूनच रद्द केलेत. अठ्ठावीस एप्रिलला."

व्हिसा सत्तावीसला आला होता.

मी खाली बसले. मधुरा माझ्या समोर बसली आणि हळूच म्हणाली, "पण आई, तुम्हीच नको म्हणाला होतात ना? गुडघ्यांमुळे?"

"कोण म्हणालं?"

"विशू. एप्रिलमध्येच म्हणाला, आईला एवढा प्रवास झेपणार नाही, ती स्वतःच नको म्हणते. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, कशाला विषय काढून तुम्हाला लागेल असं बोलायचं."

म्हणजे मला सांगितलं, गडबड आहे. तिला सांगितलं, गुडघे आहेत. आणि आम्ही दोघी दीड महिना एका ओट्याशी उभ्या राहून पोळ्या करत होतो, एकमेकींना जपत होतो. तळपायाची आग मस्तकाला गेली असं लोक म्हणतात. माझी मस्तकातच लागली आणि तिथंच राहिली. मे महिन्यातला तो जिना मला आठवला. दहा किलो तांदूळ घेऊन मी वर चढत होते तेव्हा ती सहल रद्द होऊन महिना होत आला होता, आणि ज्यानं रद्द केली तो रोज रात्री फोनवर विचारत होता, 'काय आई, झाली का तयारी?'

"मी विशूला फोन करते," मधुरा उठली.

"नको. येऊ दे त्याला."

संध्याकाळपर्यंत मी बाल्कनीत बसून राहिले. आणि मला ती मुक्कामी गाडी आठवली. मी कंट्रोल रूममध्ये नवी होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीचे दिवस, स्टँड माणसांनी फुललेलं. डोंगरातल्या एका गावाला मुक्कामी जाणारी गाडी होती, तिचा ड्रायव्हर आजारी पडला आणि दुपारी तीनलाच फेरी रद्द झाल्याचं मला कळलं. मी पुकारलं नाही. पुकारलं असतं तर शंभर माणसं खिडकीवर चालून आली असती. कुणी विचारलं की मी म्हणत होते, 'येईल, बघू.' आठ वाजता पाळी संपवून निघाले तेव्हा बाकावर एक म्हातारा बसलेला दिसला. शेजारी त्याची बाळंतीण सून, मांडीवर बारा दिवसांचं मूल. त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, तीनला नाही म्हणाला असता तर तेव्हाच एखाद्या जीपनं गेलो असतो."

मी परत आत गेले. आगारप्रमुखाच्या टेबलासमोर उभी राहिले आणि दुसरी गाडी, दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत हलले नाही. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं : 'रद्द फेरी वेळेआधी सांगायची. सांगितली नाही तर ती रद्द नाही. दुसरी गाडी लावून सोडायची.' लोक हसले. हा काही खात्याचा नियम नव्हता, माझा होता. पण माझ्या पाळीत तो शेवटपर्यंत चालला. शाळा सुटल्यावर विशू त्याच पुठ्ठ्याखाली बसून अभ्यास करायचा.

त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. विशू सहाला आला. त्यानं रिकामा ओटा बघितला, मग आम्हाला बघितलं.

"काय झालं? ओवी बरी आहे ना?"

"ओवी बरी आहे. प्रागची खोली कुणी रद्द केली?"

त्यानं मधुराकडं बघितलं.

"तिच्याकडं काय बघतोस? मी विचारतेय."

तो खुर्ची ओढून बसला. "आई, ते बुकिंग व्हिसापुरतं होतं गं. सगळेच करतात. नुसतं बाळ सांभाळायला येते असं लिहिलं की ते लोक शंका काढतात, कामाला आणताय का म्हणून. फिरायचा कार्यक्रम जोडला की बरं पडतं."

"म्हणजे माझा तक्ता व्हिसाला जोडायला होता. तुझं काम झालं, माझ्या तोंडाला पानं पुसली."

"तसं नाही. फेब्रुवारीत मी खरंच म्हणालो होतो. पण नंतर सुट्टीच उरली नाही. ओवीच्या वेळी गेली सगळी."

"उरली नाही हे कधी कळलं?"

"एप्रिलमध्ये."

"मग मेमध्ये रोज फोनवर तयारी कसली विचारत होतास?"

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"आणि माझे गुडघे कधी नको म्हणाले?"

"आई, प्लीज. मधुरानं मनाला लावून घेतलं असतं, म्हणून..."

"माझ्या मनाचं तू सांगू नकोस," मधुरा म्हणाली. "मला खरं सांगितलं असतंस तर मी दोन दिवस रजा काढून आईंना घेऊन गेले असते. निदान रेगेन्सबुर्गला तरी."

दोन्हीकडून कोंडीत सापडला की विशू चिडतो. बापावर गेलाय. आवाज चढवून म्हणाला, "मग काय करायचं होतं मी? पाळणाघर सप्टेंबरात. हिची नोकरी जूनपासून. तुला एप्रिलमध्ये सांगितलं असतं, की आई, फिरणं होणार नाही, नुसती ओवीला सांभाळायला ये, तर तू आली असतीस?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. त्याला वाटत होतं की माझा राग प्रागवरून आहे. तोवर मलाही तसंच वाटत होतं.

"आले असते," मी म्हटलं.

तो खुर्चीत मागं टेकला.

"आई, अडलंय, ये. एवढे तीन शब्द पुरले असते. त्याच दिवशी बॅग भरली असती. तुझा बाप गेला तेव्हा मी तुला पाठीला बांधून नोकरी केली नाही एवढंच, बाकी सगळं केलं. आणि तुझ्या लेकीला सांभाळायला मला गाजर दाखवावं लागतं? मला लाच द्यावी लागते? परक्या बाईला ठेवली असतीस तर तिला तरी खरं काय ते सांगितलं असतंस."

"आई, मी तसा विचारच नाही केला."

"नाही केलास. तेच."

मधुराच्या मांडीवर ओवी आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. बाहेर अजून लख्ख उन्हं होती, तिकडं उन्हाळ्यात नऊ-नऊपर्यंत असतात. मी तक्ता टेबलावर पसरला.

"पुठ्ठ्यावर काय लिहिलं होतं?"

"कुठला पुठ्ठा?"

"त्याच्याखाली बसून पाढे पाठ केलेस. सांग, काय लिहिलं होतं."

त्यानं मान खाली घातली. त्याला आठवत होतं. "रद्द फेरी वेळेआधी सांगायची."

"पुढं?"

"आई, पुरे ना."

"सांगितली नाही तर ती रद्द नाही," मी म्हटलं. "मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे फेरी लागणार."

"एकटी? तुला भाषा येत नाही, काही नाही."

"घड्याळ आणि फलाट सगळीकडं आकड्यांतच असतात."

"आणि ओवीला कोण बघणार?"

मी उत्तर द्यायच्या आत मधुरा म्हणाली, "तू."

"माझी सुट्टी..."

"बिनपगारी काढ. मी वर्षभर काढली. तू सहा दिवस काढ."

मग मी उठून उभी राहिले. माइक नव्हता, पण आवाज शाबूत होता. चार वर्षांत तो वापरला नव्हता, तरी जसाच्या तसा निघाला. शेजारच्या बाल्कनीतल्या म्हाताऱ्यानं मान वळवून बघितलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. न्यूरेंबर्गहून सुटणारी, रेगेन्सबुर्ग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, प्रागमार्गे न्यूरेंबर्गला परत येणारी गाडी सोमवारी सकाळी सुटेल. सोमवार ते शनिवार घरातली आजीची ड्युटी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांनी आपली पर्यायी व्यवस्था करावी."

ह्यापुढं गैरसोयीबद्दल दिलगिरी म्हणायची पद्धत आहे. ती मी म्हटली नाही. ओवी खिदळायला लागली. तिला ते पुकारणं फार आवडायचं.

त्या रात्री मधुरानं खोल्या पुन्हा घेतल्या, तिकिटं काढली. विशू तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होता. रविवारी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणाला, "आई, हा निव्वळ हट्ट आहे. लोक काय म्हणतील, म्हाताऱ्या आईला एकटीला सोडलं म्हणून."

"लोकांना सांग, आई फिरायला आलीय. व्हिसाच्या कागदावर तेच लिहिलंय."

सोमवारी तो स्टेशनवर आला. ओवी त्याच्या छातीशी झोळीत होती. बॅग त्यानं उचलली, मी उचलू दिली. दहा किलोचा सराव वाया गेला. डब्यात बॅग ठेवून तो खाली उतरला आणि खिडकीसमोर उभा राहिला. गाडी सुटली. अठरा वर्षं गाड्या सुटताना मी स्टँडवर उभी असायचे. आज मी आत होते आणि बाहेर तो होता. त्यानं ओवीचा हात धरून हलवला. मी माझा हलवला नाही. आज हलवला असता. त्या दिवशी नाही जमलं.

सहल चांगली झाली असं सांगायला हवं, लोकांना तेच ऐकायचं असतं. खरं असं की पहिले दोन दिवस मी काहीच बघितलं नाही. रेगेन्सबुर्गच्या त्या दगडी पुलावर उभी होते, खालून नदी चालली होती, आणि मी मनात विशूशी भांडत होते. व्हिएन्नाच्या राजवाड्यात एवढी दालनं फिरले, त्यातलं एक आठवत नाही. भांडण मात्र शब्दन्‌शब्द आठवतं. 'तुला लाज नाही वाटली?' हे वाक्य मी व्हिएन्नात किती वेळा म्हटलं असेन. तिसऱ्या दिवशी ब्रातिस्लाव्हाला नदीकाठी बाकावर बसून पोह्यांचा चिवडा खाल्ला. समोरून एक लांब बोट गेली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी नुसती बघत होते. मग लक्षात आलं की बराच वेळ आपण कुणाशी बोललेलो नाही. प्रागच्या चौकात ते जुनं घड्याळ बघायला गर्दी जमली होती. तास भरला, वरच्या खिडक्या उघडल्या, बाहुल्या फिरल्या. मी माझं मनगटी घड्याळ बघितलं. ठोक्याला ठोका.

शनिवारी प्रागहून निघालेली गाडी श्वान्डॉर्फला पंचवीस मिनिटं उशिरा पोचली. अकरा मिनिटांवर विसंबलेले दहा-बाराजण पाठीवर सॅक घेऊन फलाटावरून धावले आणि गेलेल्या गाडीच्या रिकाम्या रुळांसमोर उभे राहिले. मी बाकावर बसून उरलेला चिवडा संपवला. विशूला एकच मेसेज केला : 'अकरा मिनिटांची गाडी चुकली.' त्यानं लगेच विचारलं, 'मग आता?' मी लिहिलं, 'मी त्या गाडीची नव्हतेच.'

ऑगस्टअखेरीस मी परत आले. मधुरा दर रविवारी फोन करते, विशू सणावारी. त्यानं माफी मागितली नाही आणि मीही तो विषय काढला नाही. तक्त्याच्या 'शेरा' ह्या रकान्यात मी तेव्हा लाल शाईनं लिहिलं होतं, 'फेरी पूर्ण', त्यावर तारीख घातली आणि कागद कपाटात ठेवला. ह्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. राग गेला का असं मधुरानं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, गेला. ते खोटं होतं.

गेल्या महिन्यात विशूचा फोन आला. आवाजात लोणी.

"आई, ह्या उन्हाळ्यात ओवीला तुझ्याकडं पाठवू का महिनाभर? मधुरा आणून सोडेल. आम्हा दोघांनाही फार काम आहे."

"पाठव की. विचारायचं काय त्यात."

"ती यायला जरा कुरकुर करत होती. पण मी पटवलंय. सांगितलंय, आजी तुला रोज हत्तीवर बसवणार. तू फक्त हो म्हण हं."

कपाटातला तो कागद, त्यावरचं भोक, सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं.

"ओवीला दे फोन," मी म्हटलं.

"आई, अगं..."

"दे."

ओवी आली. सात वर्षांची होत आली आहे. मराठी बोलते, पण प्रत्येक शब्द ठेवून ठेवून.

"हॅलो आजी. हत्तीचं नाव काय आहे?"

"ओवी, हत्ती नाही," मी म्हटलं. "आमच्या गावात हत्ती नाही. बाबा चुकीचं बोलला."

मग ती म्हणाली, "एकपण नाही?"

"एकपण नाही."

"मग तिथं काय आहे?"

"मी आहे. दोन मांजरं आहेत, ती कुणाला हात लावू देत नाहीत. एसटी स्टँड आहे, तिथून लाल गाडीनं मी तुला डोंगरातल्या गावांना नेईन. उकाडा खूप आहे. तुला यावंसं वाटलं तर ये. नको वाटलं तर नको. पण काय ते आधी सांग."

"मी विचार करून सांगते," ओवी म्हणाली.

विशूनं फोन काढून घेतला. "आई, कशाला सांगितलंस गं? एवढं पटवलं होतं. आता नाही म्हणाली तर?"

"तर नाही म्हणेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला. रागानंच ठेवला, पण नुसत्या रागानं नव्हे. ती नाही म्हणाली असती तर मला काय झालं असतं, हे मी कुणाला सांगणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मधुराच्या फोनवरून तिचा फोन आला. "आजी, मी ओवी बोलते. मी विचार केला."

"बोल."

"मी येते. हत्ती नसला तरी चालेल. पण लाल गाडीत खिडकी मला."

खिडकी. अठरा वर्षं गाड्या सोडून मला ती एकदा मिळाली होती, तीही भांडून. 'बघू' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"दिली," मी म्हटलं.